मागचा हॉर्न ऐकू येतो का?

बीड जिल्ह्यात केज तालुक्यातलं नांदूरघाट हे माझं गाव. तिथं माझं ऑटो इलेक्ट्रिकचं छोटंसं दुकान आहे. आधी रेडिओ दुरुस्ती, मग कॅसेटचे टेप, मग गाड्यांचं वायरिंग, असं करत करत पंचवीस-तीस वर्षं गेली. भाषण करायची सवय नाही, तेव्हा दुकानात गिऱ्हाइकाशी बोलतो तसंच बोलणार आहे.

दसरा जवळ आला की माझ्या दारात ट्रॅक्टर लागतात. ऊसतोडीचा हंगाम तोंडावर आलेला असतो, मुकादमाची उचल हातात पडलेली असते. आमच्या जिल्ह्यातून लाखो माणसं कोयता घेऊन बाहेर पडतात. कुणी सांगली-कोल्हापूरकडं, कुणी पार कर्नाटकात. त्यांच्याबरोबर ट्रॅक्टरही जातात. कारखान्याचा बॉयलर पेटल्यापासून पट्टा पडेपर्यंत चार-पाच महिने ड्रायव्हरचा संसार त्या सीटवरच असतो. म्हणून निघण्याआधी सेल्फ बघा, डायनॅमो बघा, लाइट बघा, अशी कामं निघतात. आणि सगळ्यात शेवटी, पण सगळ्यात जोर देऊन सांगितलेलं काम म्हणजे, टेप बघा. कॅसेट जाऊन जमाना झाला, पेनड्राइव्ह आला, ब्लूटूथ आलं, तरी आमच्याकडं त्याला टेपच म्हणतात.

असाच एक पंचविशीतला पोरगा आला. ट्रॅक्टरला टेप होताच. मागच्या मडगार्डांवर दोन स्पीकर होते, तोंडं मागं रस्त्याकडं केलेली. म्हणाला, "काका, आवाज पुरत नाही. पाचशे वॅटचा ॲम्प्लिफायर टाका, मोठे बफर टाका." बफर म्हणजे वूफर. मूळ शब्द आमच्या गावापर्यंत येता येता बफर झाला आणि आता तोच बरोबर वाटतो. पोराच्या खिशात बारा हजार रुपये होते. मी म्हटलं, "बस. आधी चहा घे. मग सांगतो हे पैसे कुठं जाणार ते."

त्याला जे सांगितलं तेच तुम्हाला सांगतो. ट्रॅक्टर असो, जीप असो नाहीतर कार, हिशेब एकच आहे.

टेपच्या खोक्यावर मोठ्या अक्षरात '५० वॅट × ४' असं लिहिलेलं असतं. चार स्पीकर, प्रत्येकाला ५० वॅट, एकूण दोनशे. आता गाडीची बॅटरी १२ व्होल्टची. इंजिन चालू असताना डायनॅमो ती १४ व्होल्टपर्यंत नेतो. टेपमधल्या चिपला याहून जास्त व्होल्टेज मिळतच नाही. स्पीकर ४ ओहमचा. वॅट काढायचं सूत्र सोपं आहे, व्होल्टचा वर्ग भागिले ओहम. १४ चा वर्ग १९६, त्याला ४ नं भागलं की ४९. आला तुमचा ५० वॅटचा आकडा! पण हे ४९ वॅट मिळतात कधी? आवाजाची लाट वरून-खालून सपाट कापली जाईल इतका टेप पिळला तर. त्यालाच आपण 'आवाज फाटला' म्हणतो. लाट गोल राहू दिली तर १४ व्होल्टच्या शिखराचं कामाचं व्होल्टेज भरतं १०. त्याचा वर्ग १००, भागिले ४, म्हणजे २५. त्यातून चिपमधली गळती वजा केली की हातात राहतात अठरा-वीस वॅट. खोक्याच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात 'आर.एम.एस.' असं लिहून जो आकडा देतात तो हा. घेताना तोच वाचावा. मोठी अक्षरं वाचायची गरज नाही.

वेगळा ॲम्प्लिफायर याहून जास्त वॅट देतो हे खरं. त्याच्या पोटात १२ व्होल्टचे तीस-चाळीस व्होल्ट करणारं सर्किट असतं. पण ती वीज तो काही हवेतून आणत नाही, त्याच बॅटरीतून ओढतो. त्याची किंमत पुढं सांगतो.

त्याआधी कानाचा हिशेब, कारण लोक इथंच फसतात. वॅट दुप्पट केले म्हणून आवाज दुप्पट होत नाही. तो वाढतो फक्त ३ डेसिबलनं, आणि ३ डेसिबल म्हणजे कान देऊन ऐकलं तर कळेल एवढाच फरक. 'आता दुप्पट झाला' असं कानाला वाटायला साधारण दहापट वॅट लागतात. विसाचे दोनशे. म्हणजे चाळीस वॅटचं सामान काढून ऐंशी वॅटचं टाकणारा माणूस पैसे मोजतो दुप्पट, आणि ऐकतो जवळजवळ पूर्वीइतकंच. मग पुढच्या वर्षी परत येतो.

उलट काही गोष्टी फुकट किंवा फुकटासारख्या आहेत. स्पीकरच्या खोक्यावर '८७ डीबी', '९० डीबी' असा एक आकडा असतो. एक वॅट दिला आणि एक मीटरवरून मोजलं तर किती आवाज येतो, याचा तो आकडा. ८७ चा स्पीकर काढून ९० चा लावला तर ३ डेसिबल वाढले, म्हणजे वॅट दुप्पट केल्यासारखं झालं, ॲम्प्लिफायरला हात न लावता. दुसरी गोष्ट अंतराची. मोकळ्या जागेत अंतर तिप्पट झालं की आवाजाची ताकद नऊपटीनं घटते. त्या पोराचे स्पीकर पाठीमागं, तोंड रस्त्याकडं. ऐकणार तो, आणि गाणं लोकांना! तेच स्पीकर छताच्या पत्र्याखाली, त्याच्या कानापासून दीड-दोन फुटांवर, त्याच्याकडं तोंड करून बसवले तर आहे त्याच टेपवर आवाज भरून येतो. हे त्याला पटेना. मी एक स्पीकर हातात धरून त्याच्या कानाजवळ नेला, तेव्हा पटलं.

पण हातात धरलेल्या स्पीकरचा आवाज पत्र्यासारखा पातळ येतो. ढोलकीची थाप येतच नाही. का? स्पीकरचा कागद पुढं ढकलतो तेव्हा मागची हवा ओढतो. पुढची लाट आणि मागची लाट एकमेकांच्या उलट असतात आणि कडेनं वळून एकमेकींना खाऊन टाकतात. जाड आवाजाच्या लाटा लांब असतात, त्या सहज वळतात, म्हणून पहिल्यांदा खर्जच जातो. दुकानात मी एक प्लायवूडची फळी ठेवली आहे, मधोमध सहा इंची भोक पाडलेली. वाजता स्पीकर त्या भोकावर दाबून धरला की तिथल्या तिथं ढोलकी जिवंत होते. गिऱ्हाईक माझ्याकडं जादूगाराकडं बघावं तसं बघतं. यात जादू काही नाही, मागची लाट अडवली एवढंच. ट्रॅक्टरला म्हणून नीट जोडांचा, फटी बुजवलेला लाकडी डबा लागतो. कारच्या दारात स्पीकर असेल तर दाराच्या आतल्या पत्र्याची भोकं बंद करावी लागतात आणि पत्रा थरथरू नये म्हणून त्यावर जड चिकट शीट लावावं लागतं. नवा वूफर घेण्याआधी हे करून बघा. निम्म्या लोकांना वूफर लागणारच नाही.

आणखी एक चूक मी रोज बघतो. दोन स्पीकरांपैकी एकाची प्लस-मायनस उलटी जोडलेली. एक कागद पुढं जातो तेव्हा दुसरा मागं, आणि परत तेच, एकमेकांना खाणं. तपासायला मीटर लागत नाही. घड्याळातला पेन्सिल सेल घ्या, स्पीकरच्या दोन टोकांना क्षणभर टेकवा. कागद बाहेर आला तर सेलचं प्लस ज्या टोकाला आहे ते स्पीकरचं प्लस. आत गेला तर उलटं. तेवढा वेळ लावला तर कित्येकांचा 'नवा टेप' वाचतो.

आता विजेचं. खरे ४०० वॅट द्यायला ॲम्प्लिफायर तेवढेच ओढत नाही. जुन्या पद्धतीचा असेल तर बराच भाग उष्णतेत जातो आणि पूर्ण जोरावर तो पन्नास अँपिअरच्या घरात वीज मागतो. बहुतेक ट्रॅक्टरचा डायनॅमो पस्तीस-चाळीस अँपिअरचा. त्यातले दहा हेडलाइटच खाते. गाण्याच्या ठेक्यावर लाइट डुगडुगताना तुम्ही पाहिली असेल. पोरांना ते भारी वाटतं. प्रत्यक्षात दर ठोक्याला बॅटरी कमी पडते आहे असा तो निरोप आहे. मग कारखान्यावर वजनकाट्याच्या रांगेत रात्रभर इंजिन बंद आणि टेप चालू. दहा अँपिअरनं सहा तास म्हणजे ६० अँपिअर-तास गेले. ट्रॅक्टरची बॅटरी पाऊणशे ते नव्वदची, तीही दोन वर्षं जुनी. सकाळी नंबर लागतो तेव्हा सेल्फ नुसता टकटक करतो. दोन भरलेल्या ट्रॉल्यांना धक्का कोण मारणार?

वायर जाड हवी, हे सगळ्यांना माहीत आहे. फ्यूज मात्र लोकांना कळलेलाच नाही. ॲम्प्लिफायर वाचावा म्हणून फ्यूज असतो असं समजतात. बॅटरीपासून निघालेल्या वायरीचा फ्यूज असतो तो वायर वाचावी म्हणून. बॅटरीच्या प्लसपासून निघालेली वायर पत्र्याच्या धारेवर घासत घासत उघडी पडली आणि बॉडीला टेकली, तर मध्ये अडवणारं कुणी नसतं. शेकडो अँपिअर वाहतात, वायर लाल होते, तिच्याबरोबर शेजारच्या वायरी आणि सीटचा स्पंज पेटतो. म्हणून फ्यूज बॅटरीपासून दोन वितींच्या आत असावा. ॲम्प्लिफायरजवळ लावलेला फ्यूज मधल्या सात-आठ फुटांचं काहीच राखत नाही. आणि उडालेल्या फ्यूजमध्ये सिगारेटच्या पाकिटाची चांदी घालणाऱ्या लोकांना मी हात जोडतो. फ्यूज उडाला म्हणजे त्यानं त्याचं काम केलं.

मायनसची वायर बॉडीला जिथं लावायची तिथला रंग पार खरवडून, लोखंड चकचकीत करून मगच बोल्ट आवळावा. अर्थिंग कच्चं असलं की टेपमधून घुंई असा आवाज येतो, आणि रेस वाढवली की तोही वर चढतो. टेपकडून ॲम्प्लिफायरला जाणारी आवाजाची वायर आणि बॅटरीची जाड वायर एकाच बाजूनं नेली तरी हाच त्रास होतो. एक डावीकडून न्यावी, एक उजवीकडून.

ट्विटर जळला की लोक म्हणतात ॲम्प्लिफायर फार मोठा होता. बऱ्याचदा उलट असतं. छोटा ॲम्प्लिफायर पूर्ण पिळलेला असतो. लाट कापली गेली की तिच्यात मुळात नसलेले बारीक, तीक्ष्ण सूर तयार होतात. ते सगळे ट्विटरच्या वाट्याला जातात, आणि त्याची केसासारखी तार तेवढं सोसत नाही. ॲम्प्लिफायरवर 'गेन' नावाचा खटका असतो, तो आवाजाचा खटका नव्हे. टेपचा आवाज पाऊणवर ठेवायचा, गेन हळूहळू वाढवायचा, आणि फाटायला लागला की थोडा मागं आणून सोडून द्यायचा. मी त्यावर बायकोच्या नेलपॉलिशचा एक ठिपका देतो. सील.

हे ठिपक्याचं मी मुळापासून करत होतो असं नाही. त्यामागं एक प्रसंग आहे.

काही वर्षांपूर्वी हंगामात एका संध्याकाळी मी मोटारसायकलवर केजहून गावाकडं येत होतो. मागं बायको बसलेली. पुढं ऊस भरलेला ट्रॅक्टर, दोन ट्रॉल्या. हेड धरून साठ फुटांचा पसारा. मागच्या ट्रॉलीला लाइट नाही, रिफ्लेक्टर नाही, उसाची वाढी बाहेर लोंबताहेत. गाणं अर्धा मैल ऐकू येईल असं. मी हॉर्न दिला. परत दिला. दोन-तीन मिनिटं वाजवत राहिलो. शेवटी रस्ता मोकळा दिसला म्हणून बाजू काढली. निम्म्यावर पोचलो आणि त्यानं खड्डा चुकवायला ट्रॅक्टर उजवीकडं घेतला. त्याची चूक म्हणता येणार नाही. त्याच्या लेखी मागं कुणी नव्हतंच. आम्ही साईडपट्टीवरून खाली गेलो. पडलो, फार लागलं नाही. बायकोचं मनगट महिनाभर सुजलेलं होतं.

ट्रॅक्टर पुढं निघून गेला, त्याला कळलंही नाही. पण उजेड होता तेवढ्यात मडगार्डावरच्या स्पीकरच्या डब्याकडं माझं लक्ष गेलं. निळा रंग, कोपऱ्यात पांढऱ्या अक्षरात माझ्या दुकानाचं नाव. तो डबा मीच बसवला होता, आणि तोंड मागं करून दिलं होतं तेही मीच.

घरी येऊन हिशेब मांडला. समजा हॉर्न जवळून, सात-आठ मीटरवर, १०० डेसिबल भरला. अंतर दुप्पट झालं की ६ डेसिबल उतरतात. पंधरा मीटरवर ९४, तीस मीटरवर ८८. मध्ये उसाच्या दोन थप्प्या, त्या आणखी काही खातात. बिगर केबिनच्या ट्रॅक्टरवर ओझं ओढताना नुसत्या इंजिनाचाच आवाज ड्रायव्हरच्या कानाशी नव्वदीच्या आसपास असतो. गाणं त्याच्या वर यायचं तर शंभरीकडं न्यावं लागतं. ८८ चा हॉर्न त्याखाली कुठं सापडणार? शिवाय हॉर्नचा मूळ सूर साधारण चारशे-पाचशे हर्ट्झचा, म्हणजे गाणाऱ्याच्या गळ्याच्या पट्ट्यातलाच. दोन्ही एकमेकांत मिसळतात.

यात एक वाईट साखळी आहे. जागतिक आरोग्य संघटना सांगते की ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तास चालेल, पण ९० डेसिबल आठवड्याला फक्त ४ तास. आमचा ड्रायव्हर ते चार तास पहिल्याच दुपारी संपवतो. संध्याकाळपर्यंत कान जड होतात, दबतात. मग त्याला वाटतं टेपचा आवाज उतरला, आणि तो आणखी वाढवतो. दिवसा ऐकू येणारा हॉर्न रात्री म्हणून येत नाही. रात्री झोप काढली की कान बरेचसे मोकळे होतात, पण वर्षानुवर्षं हेच चाललं तर होत नाहीत. माझ्याकडं येणारे चाळिशीतले कितीतरी ड्रायव्हर माझ्या तोंडाकडं बघून बोलणं समजून घेतात.

कायदा आहेच. २००० सालचे ध्वनिप्रदूषणाचे नियम आहेत, रात्री १० ते सकाळी ६ ही वेळ ठरलेली आहे, वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, दवाखाना-शाळेभोवती १०० मीटरचा शांतता पट्टा आहे. मोटार वाहन कायद्याच्या १९०व्या कलमात २०१९च्या दुरुस्तीनंतर दहा हजारांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही आहे. हंगामात पोलीस टेप उतरवूनही घेतात. ड्रायव्हर पुढच्या गावात दुसरा बसवतात. गाडीतला रेडिओ १९३० साली अमेरिकेत मोटोरोला नावानं विकायला आला तेव्हाही ड्रायव्हरचं लक्ष उडतं म्हणून वाद झाला होता. रेडिओ राहिला, वादही राहिला.

कारण ड्रायव्हरचीही एक बाजू आहे, आणि ती मला खोडून काढता येत नाही. पोरगा मला म्हणाला, "काका, गाणं बंद केलं की डोळा लागतो. खेप नाही झाली तर पैसे नाहीत. रात्री दोन वाजता मी एकटा, बोलायला कोण आहे?" मी म्हटलं, मोठ्या आवाजानं झोप जात नाही, फक्त झोप आल्याचं कळत नाही. तो हसला. त्याला हे माहीत होतं.

शेवटी असं केलं. जुने स्पीकर काढून ९१ डीबीचे सहा इंची दोन घेतले, फटी बुजवून डबे केले, छताखाली त्याच्याकडं तोंड करून बसवले, दोन्ही डाव्या अंगाला, म्हणजे उजवा कान रस्त्याकडं थोडा मोकळा राहील. कानाशी आवाज तेवढाच ठेवला तर हॉर्न तेवढाच दबणार, हा या युक्तीतला उणेपणा मी त्याला सांगितला. म्हणून छोटा ॲम्प्लिफायर, गेन कमी, वर ठिपका. आवाज स्वच्छ असला की माणूस थोड्या आवाजात भागवतो, यावर माझी सगळी भिस्त. फ्यूज, जाड वायर, अर्थिंग धरून सात हजार झाले. उरलेल्या पैशांत दोन्ही ट्रॉल्यांच्या मागच्या लाइट, लाल रिफ्लेक्टर पट्ट्या आणि दोन मोठे आरसे. आरशांवरून तो बराच वेळ कुरकुरला.

पौषात एका रात्री साडेअकराला त्याचा फोन आला. कर्नाटकातून. "काका, आवाज एक नंबर आहे. पण इथं बाकीची पोरं हसतात. ठिपका खरवडून थोडा वाढवू का?"

"मागचा हॉर्न ऐकू येतो का?" मी विचारलं.

"मागं कुठं कोण आहे? नंबरात उभा आहे मी."

"मग टेप बंद कर अन् झोप."

"झोपतोच आता," म्हणाला. "पहाटे चारला नंबर लागंल म्हणतात."